चार लिटरचं खोकं

"...आणि दोन्हीकडे चालला पाहिजे, सर. दिवसा टेबलावर, संध्याकाळी हॉलमध्ये टीव्हीला. गेम अडखळता कामा नये, पंखा ओरडता कामा नये. असा कोणता कॉम्प्युटर घेऊ?"

मुजावर सरांनी मान वर केली नाही. समोर कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता आणि ते रंगाच्या कुंचल्याने त्यातली धूळ झाडत होते.

विक्रांत गुळवणी स्टुलावर टेकला. मिरजेचं मे महिन्यातलं ऊन डोक्यावर घेऊन आला होता बिचारा. डोळे तांबारलेले, पाठ वाकलेली, वय एकेचाळीस. तंत्रनिकेतनात तो याच सरांचा विद्यार्थी होता. सर निवृत्त होऊन या गल्लीतल्या दुकानात बसले, आणि विक्रांत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करू लागला.

"आकार केवढा?" सरांनी विचारलं.

"चार लिटर. त्याहून मोठा नको."

कुंचला थांबला. "दूध आणायचंय काय?"

"तसंच मोजतात, सर. खोक्याच्या आत जागा किती, ते लिटरमध्ये. चार लिटरच्या वर गेलं की टीव्हीखालच्या कप्प्यात मावत नाही. खाली गेलं की तापतं. ग्राफिक्स कार्ड लहान घ्यावं तर गेम नीट चालत नाही, मोठं घ्यावं तर..."

पुढची दहा मिनिटं विक्रांत बोलत होता. बोलताना त्याची पाठ सरळ झाली, आवाजाला धार आली. या विषयात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि समोरच्यालाही ते कळावं, अशी त्याची इच्छा होती.

"किती महिने शोधतोयस?"

"आठ."

आठ महिन्यांत माणूस घर बांधून मोकळा होतो. विक्रांतने तक्ता बांधला होता. त्यात बासष्ट नावं होती आणि प्रत्येकापुढे सोळा रकाने. इंटरनेटवरच्या एका गटात लोक त्यालाच विचारून खरेदी करत. त्याच्या शब्दावर चाळीसेक घरांत मशीनं गेली होती, आणि ह्याच्या घरी अजून त्याची वायरसुद्धा आली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

"टेबलावर हवा, ते समजलं," सर म्हणाले. "हॉलमध्ये कशाला?"

विक्रांतची पाठ पुन्हा वाकली.

"शर्वरी तिथे असते," तो म्हणाला.

शर्वरी म्हणजे त्याची बायको. बँकेत अधिकारी. लग्नानंतरची दोन वर्षं दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत, आणि रोज संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत. ती हरायला लागली की त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायची. पुढे स्वतःचं घर झालं, खोल्या वाढल्या. काम घरात आलं तसं विक्रांतच्या खोलीचं दार लागलं, आणि शर्वरी हॉलमध्ये टीव्हीसमोर उरली. भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. भांडायलासुद्धा दोघं एका खोलीत असावी लागतात.

"तिला रत्नागिरीची शाखा देतायत. मॅनेजर म्हणून. शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"तू काय म्हणालास?"

"ती दारात येऊन म्हणाली, जाऊ का?" विक्रांत स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. "मी एका मशीनच्या तापमानाचे आकडे बघत होतो. एक मिनिट, म्हणालो. वर बघितलं तर ती नव्हती."

"मग?"

"मग तिने परत विचारलं नाही... म्हणून तर घाई आहे, सर. शनिवारच्या आत मशीन हॉलमध्ये लागलं, की..."

सरांनी वाक्य पुरं होण्याची वाट बघितली नाही.

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठले, आणि माळ्यावरून एक छोटं काळं कॅबिनेट काढून त्याच्यापुढे ठेवलं. नुसतं खोकं. आत काही नाही. वजन यावं म्हणून तळाला एक जुना ट्रान्सफॉर्मर तेवढा बांधलेला.

सरांच्या दुकानाची ही रीतच होती. नवीन मशीन मागणाऱ्याला आधी रिकामं कॅबिनेट. घरी ने, त्याच्यासोबत राहा, मग ये. बरीच गिऱ्हाइकं चिडून दुसऱ्या दुकानात जात. सरांना त्याची खंत नव्हती.

"आज मंगळवार. शुक्रवारी ये. रोज संध्याकाळी सात वाजता टेबलावरून हे उचलायचं, हॉलमध्ये ठेवायचं आणि समोर अर्धा तास बसायचं. मग परत टेबलावर."

"रिकाम्या खोक्यासमोर?"

"भरलेलं मिळेपर्यंत रिकाम्याच की."

"सर, मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नाही आता."

"नाहीस ना," सर म्हणाले आणि पुन्हा कुंचला हातात घेतला. "तेव्हा सांगितलेलं तरी करायचास."

विक्रांतने खोकं बगलेत मारलं आणि तो निघाला. मनात म्हणाला, म्हातारा थकला आता.

शुक्रवारी सव्वासहाला तो परत आला. आणखी दमलेला. खोकं काउंटरवर ठेवून स्टुलावर बसला.

"केलंस?"

"केलं... मंगळवारी कप्प्यात ठेवून बघितलं. मागे वायरीला चार बोटं जागा उरते. अर्धा तास मोजमापातच गेला."

"बुधवारी?"

"बुधवारी नुसता बसलो. शर्वरी स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, आणलास एकदाचा? म्हटलं, रिकामा आहे." विक्रांतच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "सर, ती इतकी हसली! पदर तोंडाला लावून हसली. मग बसली शेजारी. आम्ही दोघं त्या खोक्याकडे बघत बसलो."

"काय बोललात?"

"असंच. तिची टाच दुखते म्हणे, हिवाळ्यापासून. मला माहीत नव्हतं. रत्नागिरीच्या शाखेतून समुद्र दिसतो म्हणाली. मग म्हणाली, पण समुद्राकडे तरी एकटीने किती बघायचं..."

दुकानात पंखा फिरत होता.

"आणि काल?"

विक्रांतने चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिला.

"काल सात वाजता एका नव्या मॉडेलची माहिती येणार होती. तीच बघत बसलो. साडेआठला भान आलं. टेबलावर बघतो तर खोकं नाही. हॉलमध्ये गेलो. तिनेच नेऊन ठेवलं होतं. समोर बसली होती, पाय दुमडून. दोन कप चहाचे. एक रिकामा, एकावर साय धरलेली..."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, अगं, रिकामं आहे ते. ती म्हणाली, माहितीये. आणि कप उचलून आत गेली."

सरांनी डोळे मिटून घेतले. पन्नास वर्षं त्यांनी बिघाड शोधले होते. पण ज्याच्या हातात बिघाड असतो त्यालाच तो दिसत नाही, याची त्यांना अजून सवय झाली नव्हती.

विक्रांतने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याची पाठ पुन्हा सरळ झाली.

"पण सर, ते नवं मॉडेल! सव्वातीन लिटर. तापतही नाही. त्रेसष्टावं नाव घातलंय तक्त्यात. आज मागवलं तर उद्या सकाळी येतं. फक्त ते घेऊ, की महिनाभर थांबून त्याच्या पुढचं, एवढंच सांगा. मी दमलो, सर. खरंच दमलो. आता तुम्हीच निवडा."

सर काही बोलण्याआधी विक्रांतचा फोन वाजला. गल्लीतल्या रिक्षांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्याने तो स्पीकरवर घेतला.

"अरे, खोकं कुठंय?" शर्वरीचा आवाज. नुकतीच बँकेतून आलेली, धाप लागलेली. "टेबलावर नाही. कप्प्यातही नाही."

"ते होय? सरांना परत द्यायला आणलंय."

फोन कटला की काय, म्हणून विक्रांतने पडद्याकडे बघितलं. कटला नव्हता.

"बरं," शर्वरी म्हणाली.

आणि मग कटला.

हातातला कागद विक्रांतने उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. काही वाचता येईना.

मुजावर सरांनी काउंटरवरचं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ने घरी."

"पण सर, हे... रिकामंच आहे ना?"

सरांनी दिवा बंद केला आणि शटरला हात घातला.

"सुरू असलेलं मशीन मी दुकानात ठेवून घेत नाही."