तरसाच्या पाठीवरचं पोतं

डोंगराला टेकून वसलेल्या एका गावात एक चितारी राहत होता. लग्नकार्य निघालं की लोक त्याला भिंती रंगवायला बोलवायचे. हत्ती, घोडे, मोर तर तो काढायचाच, पण लोकांचा जीव रमायचा तो कोपऱ्यातल्या चित्रांत. तिथे एखादा वानर फेटा बांधून न्यायनिवाडा करत बसलेला असायचा. म्हैस डबक्यात तोंड पाहून कुंकू लावत असायची. दोन टिटव्या विहिरीवरच्या बायकांसारख्या भांडत असायच्या. बघणारा आधी खो खो हसायचा आणि मग हळूच म्हणायचा, "हा तर मीच की."

ही चित्रं घरबसल्या सुचत नसत. चितारी रानात जाऊन गप्प बसायचा. वानर कसा खाजवतो, टिटवी मान कशी वळवते, ते डोळ्यांत साठवून आणायचा. जनावरांवर त्याचा जीव होता, म्हणून त्याच्या थट्टेत विखार नव्हता.

एका उन्हाळ्यात गावातल्या शेळ्या नाहीशा होऊ लागल्या. हे तरसाचंच काम, अशी आवई उठली. मेलेली ढोरं टाकायच्या माळावर तरसाची एक लंगडी मादी येत असे. चिताऱ्याने तिला पुष्कळदा पाहिलं होतं. ती पडलेल्या ढोरांची हाडं फोडून खायची आणि माणसाची चाहूल लागली की खाली मान घालून निघून जायची. जिवंत शेळीच्या वाटेला गेलेलं त्याने तिला कधीच पाहिलं नव्हतं.

गावाला तिला मारायचं होतं, पण गाव तिला भ्यायचं. तरसावर हडळ बसून फिरते, असं जुनी माणसं सांगत. तिच्या गुहेकडे जायला कुणी धजेना. तेव्हा पाटलाने चिताऱ्याला बोलावून घेतलं.

"चावडीच्या भिंतीवर तिला अशी काढ, की पोरंसोरंही हसली पाहिजेत," पाटील म्हणाला. "ज्याला हसतो, त्याला माणूस भीत नाही."

चितारी घरी आला. बायकोने खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्ही तिला शेळी नेताना पाहिलंत का?"

"नाही."

"मग नका काढू."

पण चावडीची भिंत गावातली सगळ्यांत मोठी. सारं गाव आपल्या चित्रापुढे उभं आहे, असं त्याच्या डोळ्यांसमोर येत राहिलं आणि त्याला मोह आवरला नाही. त्याने तरस काढलं. तोंडातून लाळ गळतेय, लंगडा पाय दोरीने बांधलाय, आणि पाठीवर पोतं. पोत्यातून शेळ्यांची मुंडकी डोकावतायत.

गाव हसून हसून लोळलं. इतकी वाहवा त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. भीती तर कुठल्या कुठे पळाली. दुसऱ्याच दिवशी पुरुषमंडळी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन डोंगरात गेली, गुहेच्या तोंडाशी ओला पाला पेटवून त्यांनी धूर केला आणि बाहेर पडलेल्या तरसाला ठेचलं. कलेवर आणून चावडीपुढे टाकलं. लोक एकदा भिंतीकडे बघत, एकदा खाली, आणि पुन्हा हसत.

चितारी जवळ गेला. चित्रातल्यापेक्षा ती फार लहान होती. तिची आचळं दुधाने भरलेली होती.

तो तसाच धावत डोंगर चढला. गुहेत अजून धूर कोंडला होता. त्याने आत हात घालून दोन पिल्लं बाहेर काढली. दोन्ही गार पडली होती. तिथल्याच दगडांखाली त्याने ती पुरली आणि कितीतरी वेळ तो उठलाच नाही.

शेळ्या जायच्या काही थांबल्या नाहीत. उलट माळावर पडलेली ढोरं आता तशीच सडू लागली. वारा फिरला की दुर्गंधीने गावाला घास गिळवेना.

अशात एक मेंढपाळ बायकोपोरांना घेऊन गावाबाहेरच्या पडीक रानात उतरला. परक्या माणसावर संशय जायला कितीसा वेळ लागतो? पाटलाने चिताऱ्याला पुन्हा चावडीवर बोलावलं आणि साऱ्यांदेखत सांगितलं, की तरसाशेजारी आता ही माणसं काढ, कोल्ह्याच्या तोंडाची.

लोक आधीच हसू लागले. भोवती उभ्या कितीजणांच्या हातात काठ्या होत्या, ते चिताऱ्याने पाहिलं.

"पाटील, त्या पोत्यात शेळ्या मी घातल्या होत्या," तो म्हणाला. "तरसाने नव्हे. तुम्ही हसावं म्हणून घातल्या. तिच्यामागे गुहेतली तिची दोन पिल्लंही धुरात मेली. या माणसांच्या पाठीवर मी पोतं देणार नाही."

"मग शेळ्या कोण नेतं?"

"मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही."

मग जिच्या दोन शेळ्या गेल्या होत्या ती म्हातारी पुढे आली. माझ्या शेळ्यांपायी पिल्लं मेली तेवढं पुरे, आता माणसाची लेकरं नकोत, असं म्हणून ती मेंढपाळाच्या पालाकडे चालू लागली. तिच्यामागून एकेकजण काठी टाकून निघाला. मेंढपाळाने सगळं ऐकून घेतलं आणि आपले कुत्रे गावाच्या गोठ्यांवर राखणीला दिले. चारच दिवसांत कुत्र्यांनी लांडग्यांची एक जोडी पिटाळून लावली. त्यानंतर एकही शेळी गेली नाही.

चिताऱ्याने चावडीच्या भिंतीला स्वतः चुना फासला. चारचौघांत ऐकून घ्यावं लागल्याचा राग धरून पाटलाने त्याला पुढे काम दिलं नाही, तेही त्याने मुकाट सोसलं. पण गल्लीतली पोरं पाय ओढत, पाठीवर पोतं घेऊन 'तरस-तरस' खेळायला शिकली होती, त्यावर फासायला चुना नव्हता. मग तो एकेका पोराला जवळ बसवायचा आणि ती लंगडी मादी खरी कशी होती, ते सांगायचा. काही पोरं ऐकायची. काही तशीच लंगडत पळून जायची.

या कथेचं तात्पर्य एवढंच: खरं ओळखून केलेली थट्टा माणसाला शहाणं करते, खोटी थट्टा त्याच्या हातात काठी देते. चित्र पुसता येतं, गेलेला जीव परत आणता येत नाही.