कठड्याची फट

फार पूर्वी एका खारीची झोप उडाली होती. ढोलीतल्या दुमजली पलंगाच्या कठड्यातून तिची धाकटी टिल्ली खाली पडली तर? आपणच जरा घाबरट आहोत, असंही तिला वाटे.

फट पिल्लाच्या डोक्याहून लहान हवी, या रानाच्या नव्या नियमाप्रमाणे सुतारपक्ष्याने कठडा बदलला. "बघा वहिनी, फटीतून डोकं जात नाही. आता निर्धास्त झोपा."

"पण भाऊजी, पोरं आधी पाय घालतात," खार चाचरत म्हणाली. "अंग फटीतून खाली जाईल नि डोकं वर अडकेल."

तो हसला, तोच टिल्ली पाय घालून कमरेपर्यंत फटीत गेली. खारीने तिला ओढून घेतलं. सुतारपक्ष्याने मधे आणखी काड्या ठोकल्या आणि रानभर नियम बदलला: फट पिल्लाच्या कमरेने मोजावी.

खारीची शेपटी अभिमानाने फुलली. टिल्ली म्हणाली, "आई, म्हणजे आता कठड्यावरूनच उडी मारायची ना?"