सारजेपासून मोजणी

धानोडीच्या तळ्यावर, पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पायथ्याशी, एक शेंदूर फासलेला चपटा दगड आहे. दर वैशाखात कापगते आणि मेश्राम ही दोन घरे आठ दिवस इथल्या आमराईत मांडव घालून राहतात. कापगते शेतीवाले, मेश्राम ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. नाते रक्ताचे नाही, मैत्रीचे. पोरे पाण्यासाठी नुसती उतावीळ झालेली असतात, पण मोजणी झाल्याशिवाय कुणाचा अंगठाही भिजत नाही. नवख्या पाहुण्याने कारण विचारले की म्हातारे डोमाजी मेश्राम त्याला आधी खाली बसवतात. "उभ्याउभ्या आयकाची गोष्ट नोहे ही," म्हणतात.

तळे बांधून नुकतेच झाले होते, तेव्हाची ही हकिगत, असे सांगतात. कापगत्यांची सून कौतिका आणि मेश्रामांची सारजा यांचे मेतकूट असे, की एकीला ठेच लागली तर दुसरी कळवळायची. मुक्कामात दोघींची मिळून पाच पोरे कुणाच्याही चुलीशी जेवत, कुणाच्याही मांडवात निजत. पोरांत तुझे-माझे करायचे नाही, असा दोघींचा शब्द होता. आपले पोर शोधायला सारजेच्या मांडवात डोकावणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असे कौतिकाला वाटे. म्हणून ती कधी डोकावत नसे.

त्या वर्षी पाचव्या दिवशी पुरुषमाणसे बाजाराला गेली होती. दुपारी भात शिजला, पाने मांडली, तेव्हा चारच पोरे आली. कौतिकाची चार वर्षांची तुळसा नव्हती.

"तुह्या मांडवात निजली असन," कौतिका म्हणाली.

सारजेच्या हातातली पळी थांबली. "माह्याकडं कोठं? सकाळपासून तुह्यापाशीच हाय ना?"

 सकाळी कौतिकाने पोरीला पाण्याकडे जाताना पाहिले होते. पण सारजा तिकडेच जाळे धूत होती, मग काळजी कसली, म्हणून तिने पाठ फिरवली. आणि सारजा तेव्हाच सरपणाला निघून गेली होती. दोघी पाळीवर धावल्या. खुंटाला बांधलेला डोंगा, ती एका लाकडात कोरलेली होडी, जागेवर नव्हता.

ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसत होते. वाराही सुटला होता. बऱ्याच वेळाने दूर कमळांच्या वेलींत काहीतरी काळे हलताना दिसले. डोंगा अडकला होता आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर एका अंगावर कलत होता. कौतिकाला पोहता येत नव्हते. ती गुडघाभर पाण्यात शिरून हाका मारू लागली, तशी डोंग्यात पोर उठून उभी राहिली.

"हाका नको मारू," सारजा म्हणाली. "ते उभी राहिली तं डोंगा उलटन." तिने पदर कमरेला खोचला आणि पाण्यात झोकून दिले.

पोर आईच्या नावाने टाहो फोडत होती आणि आई स्वतःच्या तोंडावर हात दाबून उभी होती. सारजेने वेली दातांनी तोडल्या, असे सांगतात. मग वाऱ्याच्या तोंडावर डोंगा ढकलत ती परत फिरली. तिचे डोके पाण्याखाली जाई, वर येई, पुन्हा जाई. शेवटी डोंगा या दगडावर येऊन आपटला. कौतिकाने तुळसाला उचलून छातीशी धरले आणि पाळीवर नेले. मग एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून तिने तिथे जमलेली पोरे मोजली. पाच भरली. तिने पुन्हा मोजली आणि ढसाढसा रडली.

सारजेच्या धाकट्या लेकीने विचारले, "माही माय कोठं हाय?"

पाण्यात कुणीच दिसत नव्हते. बाजारातून परतलेल्या पुरुषांनी जाळे टाकले, तेव्हा सारजा डोंग्याच्या अगदी खालीच सापडली. हातांना वेली तशाच गुंडाळलेल्या होत्या.

"मी पोरंच मोजत बसली, सारजेले मोजलंच नाही," एवढेच कौतिका तीन दिवस म्हणत होती. चौथ्या दिवशी तिने या दगडावर हात ठेवून नेम घातला. आपली माणसे आपण मोजायची नाहीत, दुसऱ्या घराची मोजायची, थोरामोठ्यांसकट. आणि मुक्काम मोडून पुढच्या कुठल्याही वैशाखात कुणी घरी बसायचे नाही. पुढल्या वर्षी सारजेच्या पोरांना आमराईत तीच घेऊन आली, म्हणे.

आजही मुक्कामाच्या दर सकाळी मेश्रामांनी कापगत्यांना मोजले, की मेश्रामांची सगळी माणसे इथे रांगेने उभी राहतात. डोमाजीही काठी टेकत त्यांच्यात जातात. कापगत्यांची थोरली सून दगडावर हात ठेवते, "सारजा, एक" म्हणते आणि मग पुढे मोजू लागते. उभ्या असलेल्या माणसांपेक्षा आकडा दर वेळी एकाने जास्त भरतो. तो तसा भरला, की पोरांना पाण्यात सोडतात.