न विचारणारं मशीन

“मग अडलंय कुठं, सर? किल्ली मला का देत नाही तुम्ही?”

मैथिली शिरगावकरनं हे बसल्या जागेवरून विचारलं नव्हतं. ती उठून मुजावरसरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती.

युनूस मुजावर चहा पीत होते. बशीत ओतून, फुंकर मारत, अगदी निवांत.

मिरजेतली ती छोटीशी संस्था. नदीवरच्या पुलांना लावलेली यंत्रं पाण्याची पातळी कळवत, आणि पाणी चढलं की काठच्या गावांना फोनवर निरोप जात. हे सगळं ज्या सर्व्हरवर चालायचं, त्याची किल्ली, म्हणजे संगणकाला लावायचा बोटाएवढा एक काळा ठोकळा, सरांच्या खिशात असायचा. सर आता निवृत्त होणार होते. मैथिली त्यांच्या जागेवर येणार हे ठरलेलंच होतं.

पण किल्ली काही मिळत नव्हती.

“घाई काय आहे?” सर म्हणाले.

“घाई नाही. पण मला काय येत नाही ते तरी सांगा.”

खरंच, तिला काय येत नव्हतं? पुण्याहून आलेली पोरगी, पण कामाला वाघ. शेकडो फाइलींची नावं एका ओळीत बदलायची. लांबलचक कमांडांना दोन-दोन अक्षरांची टोपणनावं देऊन ठेवलेली. तिची बोटं चालायला लागली की शेजारचे लोक काम सोडून बघत बसत, आणि ते बघतायत हे तिला बरोबर कळायचं.

“येतं तुला सगळं,” सर म्हणाले. “माझ्यापेक्षा जास्तच येतं.”

“मग?”

सर उठले. आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली.

“बस. माझ्या मशीनवर.”

पडद्यावर एक फोल्डर उघडं होतं. नाव ‘शिदोरी’.

मैथिलीचा जीव एकदम सुपाएवढा झाला. ही शिदोरी सांगली-मिरजेत कुणाला ठाऊक नव्हती? सरांनी नोकरीभर जमवलेल्या छोट्या छोट्या स्क्रिप्टा, म्हणजे मशीनकडून एकेक काम करून घ्यायला लिहिलेल्या ओळी. बंद पडलेली यंत्रणा उठवायच्या, हरवलेला आकडा शोधायच्या, घोळ निस्तरायच्या. त्यातली एखादी मिळावी म्हणून लोक मिठाईचा पुडा घेऊन यायचे.

“फार गर्दी झालीय यात,” सर म्हणाले. “नको ते काढून टाक. हवं ते ठेव. तुझ्या हिशेबानं.”

“माझ्या?”

“तुझ्याच.”

तिनं हात पुढं केले. हे तर रोजचंच काम. तिच्या मशीनवर ‘आरएम’, म्हणजे काढून टाकायची कमांड, आणि पुढं ‘सगळं’ म्हणून एक चांदणी दिली, की मशीन एकेका फाइलीचं नाव घेऊन विचारायचं, ही काढू का? ती हो, नाही, हो, नाही करत जायची. तशी सोय तिनंच कधीतरी करून घेतली होती, आणि मग ती केलीय हेच विसरून गेली होती.

तिनं आरएम लिहिलं. चांदणी दिली. एंटर दाबलं.

मग पहिल्या प्रश्नाची वाट बघत बसली.

प्रश्न आला नाही.

मशीन गप्प. पुढच्या कमांडसाठी तयार.

तिनं आत काय आहे ते बघायची कमांड दिली. एलएस.

काही नाही.

पुन्हा दिली...

फोल्डर रिकामं होतं.

ती सोय तिच्या मशीनवर होती. हे मशीन तिचं नव्हतं.

“सर...”

सर चहाची बशी पुसत होते.

“सर, मला वाटलं ते विचारेल.”

“कोण?”

“मशीन.”

“माझं नाही विचारत,” सर म्हणाले.

मैथिलीला रडूच फुटणार होतं, पण तिनं ते आवरलं. स्वतःची भयंकर लाज वाटत होती तिला. एका माणसाची सगळी नोकरी तिनं एका चांदणीनं पुसून टाकली होती, आणि तो माणूस शांतपणे बशी पुसत बसला होता. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

“मी परत लिहून देते,” ती म्हणाली. “सगळ्या. रात्रंदिवस बसेन.”

“कशा लिहिशील? आत काय होतं ते वाचलंस कुठं?”

नव्हतंच वाचलं.

रस्त्यावर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं पिपाणं तेवढं वाजत राहिलं.

मग सरांनी तिच्या खांद्यावरून हात पुढं करून एलएसलाच एक शेपूट जोडलं. लपलेल्या फाइलीही दिसाव्यात म्हणून.

एक फाइल राहिली होती. नावाच्या आधी टिंब असलेली. अशा फाइली चांदणीच्या तडाख्यात सापडत नाहीत.

“एवढी एक राहिलीच की,” सर म्हणाले. “तीही काढ. फोल्डर साफ होऊ दे.”

मैथिलीनं आरएम लिहिलं. पुढं फाइलीचं नाव लिहिलं.

बोट एंटरवर गेलं... आणि तिनं ते उचललं.

लिहिलेली ओळ तिनं मागं जात जात सगळी खोडली. तेच नाव देऊन आधी एलएस करून बघितलं. एकच फाइल, तीच. मग ती उघडली आणि वाचायला लागली. नेहमीसारखी भरभर नाही, तर एकेक ओळ ओठ हलवत.

ओळी थोड्याच होत्या. एखाद्या पुलावरच्या यंत्राचा आकडा आला नाही, तर तो पुन्हा मागवायचा. तरीही आला नाही, तर ड्युटीवरच्या माणसाला उठवायचं. आणि तळाशी आलेल्या आकड्यांची नोंद, तारीख-वेळेसकट.

“ही चालू आहे, सर.”

“असेल.”

“असेल नाही, आहे. शेवटचा आकडा आत्ता दुपारचाच आहे. ही काढली तर एखादं यंत्र बंद पडल्याचं कुणाला कळणारच नाही.”

“मी काढ म्हणतोय ना?”

“तुम्ही म्हणताय.” तिनं हात कीबोर्डवरून काढून घेतले. “तरी मी नाही काढणार.”

सरांनी हातातली बशी टेबलावर ठेवली.

“आणि काढायचीच असेल,” ती म्हणाली, “तर याची दुसरी प्रत कुठं आहे ते आधी सांगा. मी ती डोळ्यांनी बघेन. मग काढेन.”

“प्रत आहे,” सर म्हणाले. “मागच्या खोलीतल्या मशीनवर. सगळ्या शिदोरीचीच आहे.”

मैथिली वळली. आता मात्र तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

“मग इतका वेळ मला असं बसवून ठेवलंत? मघाशीच का नाही सांगितलंत?”

“मघाशी तू विचारलं नाहीस.”

त्यांनी खिशात हात घातला. काळा ठोकळा काढला आणि कीबोर्डच्या शेजारी ठेवला. सहज, घराची किल्ली ठेवावी तसं.

इतके दिवस जिच्यासाठी तिनं सरांचं डोकं खाल्लं होतं, ती किल्ली हाताशी होती. मैथिलीनं ती उचलली नाही.

“घे की.”

“नको सर. अजून थोडे दिवस तुमच्याकडंच असू दे.”

“का?”

“मला...” ती थांबली. असं कुणापुढं कबूल करायची तिला सवय नव्हती. “मला आता एंटर दाबायची भीती वाटते.”

सरांनी किल्ली उचलून तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटली.

“आता कुठल्याही मशीनवर बस. ते विचारो, न विचारो.”