हौसाक्काचा अंगठा

बिरू मेंढपाळाला तुरुंगात टाकलं, कारण त्याच्या गाण्यानं एका मंत्र्याच्या भावना दुखावल्या!

गाणं तरी केवढं? दीड ओळीचं. 'माझी मेंढरं पुलावर गेली, अन् पूल लागला नाचाया!' जत्रेत ढोल बडवत म्हटलं, लोक पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई दारात. आता पूल नाचला, तर मेंढपाळानं काय गायचं? पूल झोपला म्हणून?

बरं, राज्य काही ऐरंगैरं नव्हतं. राजा हंबीरराव चक्क मतं मागून निवडून आलेला. वेशीवर ही भलीथोरली सागवानी पाटी: 'या राज्यात प्रत्येकाला बोलण्याची पूर्ण मुभा आहे.' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'मात्र' लिहून त्रेचाळीस ओळी. वरची ओळ एका दमात वाचून व्हायची. खालच्या वाचायला शिदोरी बांधून यावं लागे!

बिरूची थोरली बहीण हौसाक्का. ती हाडं बसवायची. दहा-दहा कोसांवरनं माणसं खाटेवर घालून तिच्याकडे आणत. भाऊ आत गेल्याचं कळलं तशी ती हातातलं काम टाकून तडक दरबारात गेली.

"म्हाराज, माज्या भावाला सोडा. त्यानं खरं तेच गायलं."

बांधकाममंत्री फत्तेसिंग उसळला, "खरं की खोटं, हा प्रश्नच नाही! माझ्या भावना दुखावल्यात!"

"कुठंशी दुखतंय? दावा, बगते. रोजचंच काम हाय माजं."

दरबारात खसखस पिकली. राजा मुळातला हट्टी, त्यात चारचौघांत त्याच्या मंत्र्याचं हसं झालेलं. तो म्हणाला, "जीभ फार चालते तुझी! मग चालवच. तीन गोष्टी बोल, तिन्ही खऱ्या. तुझ्या बोलण्यानं माझ्या एकाही मंत्र्याच्या भावना दुखावल्या नाहीत, तर भाऊ सुटला. एकाच्याही दुखावल्या, तर त्याच्या शेजारची कोठडी तुझी!"

मंत्री मिशीतल्या मिशीत हसले. त्या दरबारात नुसतं 'रामराम' म्हटलं तरी कुणाचं ना कुणाचं दुखायचं. मागल्या महिन्यात एक म्हातारा सभेत शिंकला, तर आरोग्यमंत्र्यानं त्याच्यावर तक्रार गुदरली होती!

हौसाक्कानं पदर खोचला. मोडल्या पायावर टेकवायच्या आधी धरायची, तसा अंगठा हवेत धरला. डोळे मंत्र्यांच्या तोंडांवर.

"पयली गोष्ट. देवळामागं एक आड हाय."

कुणी हललं नाही. पाणी खात्याचे म्हातारे मंत्री सोपानकाका पान चघळत म्हणाले, "आहे की. पाणी गोड आहे त्याचं. जाताना पिऊन जा."

"दुसरी. नदीवर एक नवा पूल हाय."

"दुखावल्या!" फत्तेसिंग किंचाळला. "माझ्या भावना दुखावल्या!"

"हरलीस!" राजानं मांडीवर थाप मारली. "कोण आहे रे तिकडं? न्या हिला!"

"दमा वो म्हाराज. आत तर जायाचंच हाय, तिसरी बोलून जाते. सरकारी कोठाराला कुलूप हाय."

धान्यमंत्री ताडकन उभा राहिला. "सरळसरळ बदनामी आहे ही! कुलपाचा विषय काढायचं कारण काय? किल्ली माझ्या मेव्हण्याकडं असली म्हणून काय झालं?"

बोलून गेला, आणि मग जीभ चावली.

राजाचं हसू मावळलं. "मेव्हण्याकडं?"

धान्यमंत्री खाली बसला.

"आता न्या मला," हौसाक्का म्हणाली. "पर म्हाराज, तुमची अट काय हुती? *माज्या बोलण्यानं* दुखाया नगं. माज्याकडं मानूस येतो, पाय सुजून भोपळा झाल्याला. मी मांडीपास्नं अंगठा टेकवत खाली येते. धड हाडावर टेकवला तर गडी गप पडून ऱ्हातो, ह्या पाण्याच्या काकांवाणी. आन् जिथं टेकवताच बोंब मारतो, तिथं मोडल्यालं असतंय. ते काय मी मोडलं? कोठाराचं तर मी दार बी बगितलं न्हाई कदी. मी निस्ता अंगठा टेकवला!"

"थापा मारते ही बाई!" फत्तेसिंग ओरडला. "पूल एकदम ठणठणीत आहे!"

"ठणठणीत ना?" राजा म्हणाला. "झकास! मग काढा तुमची बग्गी. पुलाच्या मधोमध जाऊन घटकाभर उभे राहा. मी काठावरनं बघतो."

फत्तेसिंग पांढराफटक पडला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "महाराज, मला पोहता येत नाही हो!"

राजा असा हसला, असा हसला, की मुकुट घरंगळून मांडीत पडला! बिरूला ढोलासकट सोडलं. मोकळ्या झालेल्या कोठडीत फत्तेसिंग आणि धान्यमंत्री दोघांची सोय झाली.

डोळे पुसत राजा म्हणाला, "काय गं, माझ्यावर नाही टेकवलास अंगठा?"

"टेकवू?" हौसाक्का एक पाऊल पुढं आली.

राजानं दोन्ही पाय झटक्यात सिंहासनावर घेतले. "नको, नको! माझं कुठं दुखतं ते मला ठाऊक आहे. तू आपलं बक्षीस माग!"

"येशीवरची पाटी द्या. सागवान चांगलं हाय. मोडल्या हाडाला बांधाया पट्ट्या लागत्यात मला."

राजा चपापला. "अगं, पाटी कशी देऊ? बोलायची मुभा आहे तिच्यावर! तीच काढली, तर लोक काय म्हणतील?"

"ती वरची ओळ ऱ्हाऊ द्या की जागच्या जागी! मला निस्त्या खालच्या त्रेचाळीस कापून द्या!"

राजाला पुन्हा हसू आवरेना. हसता हसताच त्यानं मान डोलावली आणि सुताराला करवतीसकट बोलावणं धाडलं!