उधळाईच्या ओवरीतला मोर

आंबेघोळच्या कड्यावर, दरीच्या अगदी कडेला एक दगडी ओवरी आहे. चार खांब, वर दगडी छत, मागून आत शिरायला बुटका दरवाजा. आत जेमतेम आठ माणसे बसतील. खांब अगदी साधे, गुळगुळीत. फक्त उजवीकडच्या खांबावर खालच्या अंगाला मोराचे दोन पाय कोरलेले आहेत. नुसते पाय, वर मोर नाही. गावातले सोनूबाबा पाहुण्यांना आधी त्या पायांना हात लावायला लावतात आणि मगच गोष्ट सुरू करतात.

समोरच्या कड्यावरून जे पाणी कोसळते, त्यालाच इथले लोक उधळाई म्हणतात. तिची मूर्ती नाही. श्रावणात दरीतून वारा उसळला, की पडणारे पाणी उलटे वर चढते. तेच तिचे दर्शन. पण पूर्वी म्हणे इथे वारा माणसाला धड उभे राहू देत नसे. लोक लांबूनच नारळ फोडायचे, हात जोडायचे आणि डोंगर उतरायचे.

गावात सटवोजी नावाचा पाथरवट होता. दगडाची कपची उडून त्याचा एक डोळा गेला आणि दुसऱ्यानेही अंधुक दिसू लागले. त्याने उधळाईला नवस केला, की उरलेली नजर तुझ्या पायी वाहीन. लोकांनी निवांत बसून तुला पाहावे अशी जागा करून देईन. मग गडी कामाला असा भिडला, की त्याला तहानभुकेची शुद्ध राहिली नाही. दरवाजा त्याने मुद्दाम बुटका घेतला, म्हणजे आत शिरताना वाकावे लागेल आणि मान वर केली की थेट पाणीच दिसेल. इथवर सगळे नामी होते. पण पाथरवटच तो! साधा खांब उभा करून त्याच्या हातांना चैन कसे पडावे? त्याने खांबांवर वेली चढवल्या, हंस बसवले आणि उजव्या खांबावर असा मोर कोरला, की आता ओरडेल म्हणून बघणारा थांबून राहायचा.

श्रावणातल्या तीन दिवसांच्या जत्रेला नुसती झुंबड उडाली. लोक वाकून आत शिरायचे, दरीकडे पाठ करायचे आणि मोरावरून हात फिरवत राहायचे. गावच्या देशमुखांनी सटवोजीला सर्वांदेखत पागोटे बांधले. तो हरखून गेला. तेवढ्यात भिमाक्का नावाची एक म्हातारी त्याच्याजवळ आली.

"मोर लई देखणा झालाय रं लेकरा," ती म्हणाली. "पर आई आत्ता येऊन गेली. तुझ्या मोराम्होरं तिच्याकडं कुणी बघितलंच न्हाई."

 असे काम सटवोजीच्या डोळ्यांनी पुन्हा होणार नव्हते. बराच वेळ तो मोराला चाचपत बसला, असे सांगतात. मग त्याने पागोटे उतरवले आणि छिन्नी उचलली. आधी वेली गेल्या, मग हंस. त्याला वेड लागले असे समजून लोकांनी त्याचा हात धरला.

"सोडा मला," तो म्हणाला. "नवस तिचा केला आन् मिरवलो मीच."

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी त्याने मोराला हात घातला. तुरा गेला, मान गेली, पिसारा गेला. तो पायांपर्यंत आला आणि दरीतून वारा उसळला. आता खांबांवर बघण्यासारखे काही उरलेच नव्हते. सगळ्यांच्या माना एकदम पुढे वळल्या. पाणी वर चढले, त्याचे तुषार ओवरीत घुसले, आणि काय सांगावे, म्हातारेकोतारेसुद्धा आनंदाने नाचू लागले! सटवोजीला समोर नुसते पांढरे धूसर दिसले. पण त्याचे तोंड भिजले, दाढी भिजली आणि हातातली छिन्नी गळून पडली. ती त्याने पुन्हा कधी उचलली नाही.

आजही त्या ओवरीला कोणी रंग लावत नाही, भर जत्रेतही माळ चढवत नाही. पाहुणे दगडातल्या पायांना हात लावतात आणि हमखास विचारतात, मोर कुठे गेला?  सोनूबाबा ही गोष्ट सांगत वारा उठेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवतात. मग पाणी वर चढते, पिसारा फुलावा तसे कड्याच्या माथ्यावर पसरते, आणि सोनूबाबा तिकडे बोट दाखवतात.