टिचकीचा दाणा डब्यात शट

एक होती उंदरी. नाव टिचकी. अंग बोटाएवढं, तोंड हातभर! शाळेच्या स्वयंपाकघरात राहायची. भिंतीपलीकडे बाई इंग्रजी शिकवायच्या. बाई म्हणायच्या, "ओपन!" पोरं ओरडायची, "शट!" बाई म्हणायच्या, "डर्टी!" पोरं ओरडायची, "क्लीन!" ऐकून ऐकून भांडी शहाणी झाली. टिचकीही शिकली. पाटी नाही, दप्तर नाही, कुणाचे उपकार नाहीत!

एकदा टिचकीला शेंगदाणा मिळाला. अख्ख्या दिवसात एकच. तो घरंगळला. डब्यात पडला. टण्ण! झाकण बसलं. धप्प!

"डबेमामा, डबेमामा, माझा दाणा द्या."

डबा म्हणाला, "मी शट! गच्च बंद. चमचा टोचेल, तर ओपन."

तुरूतुरू तुरूतुरू टिचकी गेली मोरीत.

"डबा शट, ओपन होईना.
माझा दाणा मला मिळेना.
चमचेदादा, टोच ना!"

चमचा म्हणाला, "मी डर्टी! खिचडीनं बरबटलोय. नळ धुवेल, तर क्लीन."

तुरूतुरू तुरूतुरू टिचकी चढली नळावर.

"चमचा डर्टी, क्लीन होईना.
डबा शट, ओपन होईना.
माझा दाणा मला मिळेना.
नळोबा, वाहा ना!"

नळ म्हणाला, "मी ऑफ! थेंबसुद्धा नाही. मांजर माझ्यावर उडी मारेल, तर ऑन."

मांजर? बाप रे! पण पोटात कावळे ओरडत होते. तुरूतुरू तुरूतुरू टिचकी गेली दाराशी.

"नळ ऑफ, ऑन होईना.
चमचा डर्टी, क्लीन होईना.
डबा शट, ओपन होईना.
माझा दाणा मला मिळेना.
मावशीबाई, उडी मारा ना!"

मांजर लोळतच म्हणाली, "मी स्लो! जेवून सुस्तावलेय. मला फास्ट कोण करणार? तू? चिमूटभर उंदरी?"

"हो, मीच!" टिचकीनं मावशीच्या शेपटीला चावा घेतला. कडाम्!

"म्याँऽऽव!"

मावशी फास्ट! टिचकी पुढे, मावशी मागे. मावशीनं झेप घेतली. आपटली नळावर. धाड!

नळ ऑन. सूँऽऽ!
चमचा क्लीन. चकाचक!
चमच्यानं टोचलं. खटाक्!
डबा ओपन!

टिचकी आत शिरली. "डबेमामा, आता शट!"

धप्प!

टिचकी इन. मावशी आउट. टिचकी ड्राय. मावशी वेट. चिंब भिजलेली!

मावशीनं डब्यावर पंजा मारला. "ओपन! ओपन!"

आतून टिचकी म्हणाली, "शट!"

कुरुम. कुरुम. कुरुम.